कृपादानाची पारख कोणी करायची?

कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यानंतर येशूने त्याला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. हे कोणाला सांगू नकोस, ही पहिली. जाऊन स्वतःला याजकाला दाखव, ही दुसरी. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायातील हा प्रसंग उपदेशांत वारंवार येतो. परंतु त्यातील स्पर्शाविषयी आणि करुणेविषयी जितके बोलले जाते तितके या दोन सूचनांविषयी बोलले जात नाही. आजच्या अनेक आरोग्यसभा, म्हणजे आजाऱ्यांना प्रार्थनेने बरे करण्यासाठी भरणाऱ्या सभा, पाहिल्या, तर दोन्ही सूचना नेमक्या उलट्या पाळल्या जात असल्याचे दिसते. सांगितले जाते सर्वांना, दाखवले जात नाही कोणालाच. व्यासपीठावर साक्ष होते, तिचे चित्रीकरण होते, ते त्याच रात्री दूरदूर पोहोचते. आणि ज्याने साक्ष दिली तो सहा महिन्यांनी कसा आहे, हे विचारायला कोणी जात नाही.

याजकाला दाखवणे हा नुसता उपचार नव्हता. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत त्याची रीत तपशीलवार दिलेली आहे. चट्ट्याविषयी शंका असेल तर सात दिवस वेगळे ठेवायचे, पुन्हा पाहायचे, तरीही निर्णय होत नसेल तर आणखी सात दिवस थांबायचे. बरा झालेला मनुष्य छावणीबाहेर असतानाच याजकाने तेथे जाऊन त्याला तपासायचे, आणि शुद्ध ठरल्यावरही त्याने सात दिवस आपल्या डेऱ्याबाहेर राहून आठव्या दिवशी अर्पण करायचे. म्हणजे तपासणी होती, काळ होता, आणि निर्णय देणारा मनुष्य बरे करणाऱ्याच्या गोटातला नव्हता. येशूच्या काळातील याजकवर्ग त्याचा हितचिंतक नव्हता हे लक्षात घेतले, म्हणजे या सूचनेचे वजन कळते. आपल्या कार्याची परीक्षा त्याने आपल्या शिष्यांकडे दिली नाही.

त्या मनुष्याने पहिली सूचना मोडली. तो गावभर सांगत सुटला, आणि परिणाम असा झाला की येशूला उघडपणे गावात शिरता येईना. तो बाहेर अरण्यात राहिला. प्रसिद्धीने सेवेचा मार्गच अडला, हे मार्काने जाणीवपूर्वक नोंदवले असावे असे मला वाटते. अर्थात नियमाला अपवाद आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही: गरसेकरांच्या प्रदेशात दुष्टात्म्यांपासून मुक्त झालेल्या मनुष्याला येशूने घरी जाऊन आपल्या माणसांना सांगण्यास सांगितले. पण तेथेही सांगायचे होते ते त्याला आयुष्यभर ओळखणाऱ्या लोकांना, ज्यांना आधीची आणि नंतरची अवस्था दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत होत्या.

आध्यात्मिक दानांविषयीचा, म्हणजे आरोग्यदानासारख्या पवित्र आत्म्याकडून मिळणाऱ्या कृपादानांविषयीचा, आधुनिक वाद मात्र वेगळ्याच प्रश्नावर अडकून पडला आहे. ही दाने प्रेषितांच्या, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या प्रचारकांच्या, काळापुरती होती आणि नंतर थांबली, असे एक बाजू म्हणते. ती आजही चालू आहेत, असे दुसरी. विसाव्या शतकात या वादाला धार चढली, कारण १९०६ साली लॉस एंजेलिसमधील अझूसा स्ट्रीट येथे विल्यम सेमूर यांच्या सभांतून, ही दाने आजही मिळतात असे मानणारी, पेंटेकॉस्टल चळवळ जगभर पसरली, साठच्या दशकात तीच लाट जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत शिरली, आणि १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातील एका छोट्या गटापासून कॅथलिक करिश्माई नवजागृती सुरू झाली. त्याआधीच कॅथलिक ख्रिस्तसभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६३ साली कार्डिनल रुफिनी आणि कार्डिनल स्वेनेन्स यांच्यात याच मुद्द्यावर मतभेद झाले होते. कृपादाने ही आजच्या ख्रिस्तसभेत विरळा आणि अपवादात्मक गोष्ट आहे, असे पहिल्याचे म्हणणे. ती ख्रिस्तसभेच्या रोजच्या जीवनाचा भाग आहेत, असे दुसऱ्याचे. परिषदेने दुसऱ्याचा कल स्वीकारला, पण दानांचा खरेखोटेपणा ठरवण्याची जबाबदारी ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांवर आहे, असेही त्याच परिच्छेदात लिहून ठेवले. त्या परिच्छेदाचा पहिला अर्धा भागच पुढे अधिक वाचला गेला.

दाने थांबली की चालू आहेत, हा प्रश्न मला फारसा फलदायी वाटत नाही. थांबली म्हणणाऱ्याला पवित्र शास्त्रात तसे स्पष्ट वचन दाखवता येत नाही. चालू आहेत म्हणणाऱ्याला आपल्या सभेतील प्रत्येक घटना दानच आहे हे सिद्ध करता येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आरोग्यदान खरे मानणाऱ्यावरच पारखीची जबाबदारी अधिक आहे. ज्याचा विश्वासच नाही त्याला खोट्या साक्षीने काही गमावावे लागत नाही. ज्याचा आहे, त्याचे सर्वस्व पणाला लागते.

आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. इसवी सन ३९० च्या सुमारास त्याने लिहिले होते की प्रेषितांच्या काळातील चमत्कार पुढे चालू राहू दिले गेले नाहीत, नाहीतर मन नेहमी दिसणाऱ्या गोष्टींच्याच मागे लागले असते. तीन-साडेतीन दशकांनी, उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप म्हणून आयुष्य घालवल्यावर, त्याने हे मत दुरुस्त केले. पण कसे? त्याने बरे झालेल्या लोकांची निवेदने लेखी घेण्याची आणि ती मंडळीसमोर वाचून दाखवण्याची पद्धत सुरू केली. दोन वर्षेही झाली नव्हती तोवर केवळ हिप्पो येथे अशी जवळपास ७० निवेदने जमा झाली होती. कार्थेजमधील एका स्त्रीच्या स्तनाच्या कर्करोगाची हकीकत त्याने सांगितली आहे. ज्या वैद्याने तिचा रोग असाध्य ठरवला होता त्यानेच तिला पुन्हा तपासले आणि रोग गेलेला पाहून कोणता उपाय केलास असे विचारले. ऑगस्टीनला प्रसिद्धी हवी होती, हे मान्य केले पाहिजे. त्या स्त्रीने ही गोष्ट स्वतःजवळच ठेवली म्हणून तो तिच्यावर रागावलाही. परंतु त्याला हवी होती ती नावानिशी, लेखी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पडताळता येईल अशी प्रसिद्धी. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या बिशपापेक्षा आरोग्यसभा भरवणाऱ्या आजच्या कित्येक संस्थांची कार्यालये नोंदींच्या बाबतीत मागे आहेत.

कृपादानांच्या स्वरूपाविषयीचा गोंधळही याच्या मुळाशी आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल ‘निरोगी करण्याची कृपादाने’ असा शब्दप्रयोग करतो. मूळ ग्रीकमध्ये ‘दाने’ आणि ‘निरोगी करणे’ हे दोन्ही शब्द अनेकवचनी आहेत, आणि त्यावरून अनेक भाष्यकार असा अर्थ घेतात की प्रत्येक वेळचे बरे होणे हे स्वतंत्र दान आहे. एखाद्या व्यक्तीच्या हाती कायमची सोपवलेली ती शक्ती नव्हे. हा अर्थ स्वीकारला, तर ‘अमुक सेवकाकडे आरोग्याचे दान आहे’ ही आपल्या तोंडी बसलेली भाषाच सैल ठरते. दान मिळाले ते आजाऱ्याला. सेवक फार तर ते पोहोचवणारा. शिवाय त्याच अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या वचनात आरोग्यदानांच्या अगदी शेजारी साहाय्य करणाऱ्यांचा आणि व्यवस्था पाहणाऱ्यांचा उल्लेख आहे. रात्रभर रुग्णालयात आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बहीण आणि औषधोपचाराच्या खर्चाचा हिशेब सांभाळणारा भाऊ त्याच यादीत आहेत. त्यांच्या नावाने सभा भरत नाहीत, इतकाच फरक.

आता सर्वांत गंभीर दोषाकडे वळतो. तो फसवणुकीचा नाही. फसवणूक उघड होऊ शकते: १९८६ मध्ये पीटर पोपॉफ या आरोग्यप्रचारकाला ‘देवाकडून’ समजणारी आजाऱ्यांची नावे आणि पत्ते प्रत्यक्षात त्याची पत्नी कानातील छोट्या यंत्रावर बिनतारी लहरींनी सांगत असल्याचे जादूगार आणि संशयवादी जेम्स रँडी यांनी ध्वनिमुद्रणासह दाखवून दिले, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. असा मनुष्य सापडतो तेव्हा मंडळीला निदान त्याला नाकारता तरी येते. अधिक घातक आहे ती प्रामाणिक माणसांकडून प्रामाणिकपणे शिकवली जाणारी एक शिकवण, की आरोग्य तर मिळालेलेच आहे, ते दिसत नसेल तर तुझ्या विश्वासात उणीव आहे. या शिकवणीची रचना अशी आहे की ती कधीच खोटी ठरू शकत नाही. मनुष्य बरा झाला तर सेवकाचे दान खरे, नाही झाला तर आजाऱ्याचा विश्वास कमी. दोन्ही वेळा सेवक सुरक्षित राहतो, आणि आधीच दुखण्याने वाकलेल्या माणसाच्या पाठीवर अपराधाचे दुसरे ओझे येते.

या शिकवणीचे परिणाम शब्दांपुरते राहिलेले नाहीत. १९७३ साली कॅलिफोर्नियात एका दांपत्याने आरोग्यसभेनंतर आपल्या अकरा वर्षांच्या मधुमेही मुलाचे इन्सुलिन बंद केले. मुलाची प्रकृती ढासळू लागली तेव्हा ती लक्षणे म्हणजे विश्वासाची परीक्षा आहे, असे त्यांनी मानले. मुलगा मेला. मृत्यूनंतरही तो उठेल म्हणून ते वाट पाहत राहिले, आणि पुढे न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. ते क्रूर नव्हते. त्यांना जे शिकवले गेले ते त्यांनी शेवटपर्यंत पाळले. २०११ मध्ये लंडनमध्ये एचआयव्हीबाधित तीन जण पाळकांच्या सल्ल्यावरून औषधे सोडल्यामुळे दगावल्याचे बीबीसीच्या वृत्तात आले होते. औषध बंद करण्याचा सल्ला वैद्याखेरीज कोणीही देऊ नये, हा नियम प्रत्येक मंडळीने लेखी करायला हवा, आणि तो मोडणाऱ्याला प्रार्थनासेवेतून दूर करायला हवे. येथे मध्यममार्ग मला दिसत नाही.

ज्या शास्त्राच्या आधारे ही शिकवण दिली जाते, ते शास्त्र तिला साथ देते का? येशूने अनेकांना ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ असे म्हटले, आणि नासरेथ येथे लोकांच्या अविश्वासामुळे थोड्यांनाच बरे केल्याचा उल्लेखही आहे. ही वचने बाजूला सारता येणार नाहीत. पण पक्षघाती माणसाला छपरातून खाली सोडणाऱ्या चौघांचा विश्वास पाहून त्याला क्षमा मिळाली. त्याच्या स्वतःच्या विश्वासाविषयी तेथे एक अक्षर नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला आपल्याला बरे करणारा कोण हेही ठाऊक नव्हते. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असे रडत म्हणणाऱ्या बापाचा मुलगा बरा झाला. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी, पाप कोणाचे, असे विचारले तेव्हा येशूने तो प्रश्नच मोडीत काढला. आणि पौलाच्या शरीरातील काट्याविषयी तीन वेळा प्रार्थना झाली, उत्तर आले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे. पौलाचा विश्वास कमी पडला, असे कोणता आरोग्यप्रचारक म्हणेल?

पारख करायची म्हणजे नेमके काय करायचे, याचा सर्वांत जुना आणि चिवट प्रयत्न फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्री झालेला आहे. १८५८ मध्ये तेथे मरियेचे दर्शन झाल्याचे सांगितले गेल्यानंतर यात्रेकरूंची रीघ लागली, आणि १८८३ मध्ये तेथे वैद्यकीय तपासणीचे कार्यालय स्थापन झाले. त्यातील नोंदी कोणत्याही धर्माच्या किंवा नास्तिक डॉक्टरांनाही पाहता येतात. निकष अठराव्या शतकातील कार्डिनल लांबेर्तिनी, म्हणजे पुढचे पोप चौदावे बेनेडिक्ट, यांनी घालून दिलेल्या चौकटीवर आधारलेले आहेत: रोग गंभीर असावा, तो आपोआप ओसरण्याच्या टप्प्यात नसावा, उपचारांनी सुधारणा झालेली नसावी, बरे होणे अचानक आणि पूर्ण असावे, आणि ते टिकावे. सात हजारांहून अधिक दाव्यांच्या नोंदी झाल्या. त्यांपैकी २०१८ पर्यंत चमत्कार म्हणून मान्य झालेल्या घटना ७०. कोणी या आकड्याकडे पाहून म्हणेल की चमत्कार फारच थोडे. मला त्यात हजारो वेळा ‘आम्हाला खात्री नाही’ असे म्हणण्याची हिंमत दिसते. बहुतेक यात्रेकरू आपला आजार घेऊनच परत जातात, आणि त्यांचा विश्वास कमी पडला असे त्यांना तेथे कोणी सांगत नाही.

प्रत्येक मंडळीला लूर्दसारखी यंत्रणा उभारणे शक्य नाही, हा आक्षेप खरा आहे. तशी गरजही नाही. सभेच्या भारलेल्या वातावरणात वेदना काही तास कमी होणे ही शरीराची परिचित प्रतिक्रिया आहे. संधिवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारखे आजार मुळातच चढउताराचे असतात. आणि मनुष्य प्रार्थनेला येतो तो बहुधा दुखणे सर्वांत वाढलेले असताना, म्हणजे त्यानंतर थोडा उतार पडणे अपेक्षितच असते. एवढे समजून घेणे आणि साक्ष त्याच संध्याकाळी न घेता काही महिन्यांनी, रुग्णाच्या स्वतःच्या डॉक्टरांचे कागद पाहून आणि त्याच्या परवानगीने घेणे, हे कोणत्याही लहान मंडळीला जमण्यासारखे आहे. सप्टेंबर २००० मध्ये व्हॅटिकनने आरोग्यप्रार्थनांविषयी काढलेल्या निर्देशांत उन्माद, नाटकीपणा आणि खळबळ टाळण्यास सांगितले आहे, आणि साक्षी प्रार्थना संपल्यावर प्रामाणिकपणे व अचूकपणे गोळा करून अधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात असे म्हटले आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांना हा दस्तऐवज परका वाटण्याचे कारण नाही. थेस्सलनीकाकरांना आत्म्याला विझवू नका असे लिहिल्यावर दोनच वाक्यांनी पौलाने सर्व गोष्टींची पारख करा असेही लिहिले होते.

पारखीचा हा आग्रह म्हणजे प्रार्थनेला प्रयोगशाळेत कोंडणे, असेही काहींना वाटते. त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे खोडू शकत नाही. २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्यात गुंतागुंत उद्भवण्याचे प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. हे दोन्ही गट आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही याविषयी अनभिज्ञ होते. प्रार्थना नक्की होत आहे असे ज्यांना सांगितले गेले होते त्यांच्यात मात्र ते ५९ टक्के होते. यावरून प्रार्थना निरुपयोगी ठरते, असे मी मानत नाही. यादीतले नाव वाचून दुरून केलेली ठरावीक शब्दांची प्रार्थना आणि ओळखीच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना या एक गोष्ट नव्हेत, आणि देव नियंत्रित प्रयोगाचा एक घटक होण्यास बांधलेला नाही. तरीही ‘प्रार्थनेची शक्ती विज्ञानाने सिद्ध केली’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हा आकडा आठवावा. एका प्रकारचे पुरावे उचलायचे आणि दुसऱ्या प्रकारचे आले की देवाची परीक्षा पाहू नका म्हणायचे, हे सत्याला धरून नाही.

पैशाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो मुद्दा आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनीच निकालात काढला होता. ‘फुकट मिळाले, फुकट द्या’ ही आज्ञा शिष्यांना रोग्यांना बरे करण्यासाठी पाठवतानाच दिलेली आहे. अलीशा संदेष्ट्याने कोडातून बरे केलेल्या नामानाच्या मागे धावून देणगी घेणाऱ्या, अलीशाच्या सेवक गेहजीच्या अंगी त्याच नामानाचे कोड आले. पहिल्या पिढ्यांच्या आसपासच्या ‘दिदाखे’ या लहान ग्रंथात तर आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणारा संदेष्टा खोटा समजावा, अशी साधी कसोटी दिली आहे. ती आज लावली तर किती व्यासपीठे रिकामी होतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

याकोबाच्या पत्रातील सूचना मला या सर्व गर्दीत सर्वांत शहाणी वाटते. तुमच्यात कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावे. त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी. हालचालीची दिशा पाहा. आजारी मनुष्य रांगेत उभा राहून व्यासपीठाकडे जात नाही. वडील त्याच्या अंथरुणापाशी येतात, आणि तेही त्याने बोलावल्यावर. येणारे अनेक आहेत, म्हणून एकट्याच्या नावाचा बोलबाला होत नाही. ते त्याला आधीपासून ओळखतात आणि उद्याही त्याच गावात असणार आहेत, म्हणून तो बरा झाला की नाही हे त्यांच्यापासून लपणार नाही. न झाल्यास पुन्हा त्याच दारात त्यांना जावे लागेल. पारख, एकांत आणि उत्तरदायित्व या तिन्ही गोष्टी या छोट्या रचनेत आपोआप येतात. फिरत्या आरोग्यप्रचारकाला नेमकी तिसरी गोष्ट टाळता येते: सभा संपल्यावर तो पुढच्या शहरी निघून जातो.

इफिस येथे पौलाच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी आजाऱ्यांवर नेऊन घातली म्हणजे त्यांचे रोग जात, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. त्याच इफिसचा त्रफिम पौलाबरोबर यरुशलेमपर्यंत गेला होता. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस, झगा आण, पुस्तके आण, हिवाळ्यापूर्वी ये, अशा घरगुती निरोपांमध्ये एक अर्धे वाक्य येते: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेत येथे मागे ठेवले. का बरा झाला नाही, त्याचा विश्वास कसा होता, पौलाने किती वेळा प्रार्थना केली, यांपैकी काहीच सांगितलेले नाही. ते सांगण्याची लेखकाला गरज वाटली नाही, आणि ते वाक्य नंतरच्या कोणीही पुसून टाकले नाही.